‘जाळून नष्ट करावे’ या शिफारशीचा फेरविचार

पीक संरक्षणावरील बहुतेक घडीपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : ‘कीडग्रस्त अवशेष गोळा करून जाळून नष्ट करावेत.’ कपाशीच्या पऱ्हाट्या असोत, वांग्याचे पोखरलेले शेंडे असोत, फळमाशीने सडलेले पेरू असोत किंवा भाताची धसकटे असोत, शिफारस तीच. त्याच वेळी सेंद्रिय कर्ब, हवेचे प्रदूषण आणि जमिनीची सुपीकता यांविषयीच्या पत्रकांत तितक्याच ठामपणे सांगितलेले असते की, ‘पिकांचे अवशेष कदापि जाळू नयेत.’ दोन्ही पत्रके एकाच मेळाव्यात, एकाच टेबलावरून वाटली जातात. शेतकऱ्याने यांपैकी कोणते प्रमाण मानावे, हा प्रश्न त्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

ही विसंगती केवळ दोन विभागांतील समन्वयाच्या अभावातून आलेली नाही. तिचे मूळ ‘जाळणे’ या शब्दाच्या ढिल्या वापरात आहे. आठवीच्या विज्ञानात ज्वलनाचे प्रकार शिकवले जातात : शीघ्र ज्वलन, मंद ज्वलन, उत्स्फूर्त ज्वलन, पूर्ण ज्वलन, अपूर्ण ज्वलन. परीक्षेनंतर ते विसरले जातात आणि शेतीच्या शिफारशींत तर त्यांना स्थानच मिळत नाही. वास्तविक शेतात काडी लावल्यावर काय घडते, कीड मरते की वाचते, जमिनीला काय मिळते आणि गावाच्या हवेत काय मिसळते, हे सारे त्या ठिकाणी कोणत्या प्रकारचे ज्वलन घडले यावर अवलंबून असते. म्हणून कीड नियंत्रणाच्या शिफारशीत ‘जाळून नष्ट करावे’ हे सरसकट वाक्य यापुढे नसावे आणि त्या जागी ज्वलनाचा प्रकार, पदार्थाची ओल व किडीची अवस्था यांचा विचार करून लिहिलेली नेमकी सूचना असावी, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे मांडत आहे.

ज्वलनाचे मूळ सूत्र

ज्वलन म्हणजे पदार्थाचा ऑक्सिजनशी होणारा, उष्णता बाहेर टाकणारा संयोग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अंत्वान लव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट वजनकाट्याच्या साहाय्याने सिद्ध केली. जळताना पदार्थातून काहीतरी निघून जाते, ही तोवरची समजूत होती. लव्हाझिए यांनी दाखवले की, हवेतील ऑक्सिजन त्यात मिसळतो. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाप्लास यांच्यासह त्यांनी एका गिनीपिगच्या शरीरातून निघणारी उष्णता बर्फ किती वितळतो यावरून मोजली आणि श्वसन हेही एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष काढला.

या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या थेट उपयोगाच्या आहेत. एक टन भाताचा पेंढा शेतात जाळला की साधारण १,४६० किलो कार्बन डायऑक्साइड, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड, ३ किलो धूलिकण आणि १९९ किलो राख तयार होते, असे आकडे आपल्या साहित्यात नेहमी दिले जातात. एक टन पेंढ्यातून दीड टनाच्या आसपास वायू कसा निघतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर लव्हाझिए यांच्या काट्यात आहे : पेंढ्यातील सुमारे ४०० किलो कर्बाने हवेतील ऑक्सिजन स्वतःशी जोडून घेतलेला असतो. हा कर्ब जमिनीत राहिला असता तर त्याचाही बराचसा भाग पुढे कधीतरी ऑक्सिजनशी संयोग पावलाच असता; मात्र तो जिवाणू, बुरशी, गांडुळे आणि कीटक यांच्या शरीरांतून, सावकाशपणे गेला असता.

म्हणजे पीक-अवशेषांचे ऑक्सिडीकरण होणारच आहे. ते कोणत्या वेगाने, किती तापमानाला आणि कोणाच्या हातून व्हावे, एवढेच आपण ठरवू शकतो.

शेतात आढळणारे ज्वलनाचे प्रकार

पहिला प्रकार ज्वालेसह होणाऱ्या शीघ्र ज्वलनाचा. काडी पेटते तेव्हा प्रत्यक्षात काडी जळत नसते. उष्णतेने तिच्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते वायू हवेत पेटतात; तीच ज्वाला. पदार्थ कोरडा असेल, मोकळा पसरलेला असेल आणि हवा पुरेशी मिळत असेल, तर ज्वलन पूर्णतेच्या जवळ जाते. धूर कमी निघतो व तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वा पुढे जाते.

दुसरा प्रकार धुमसण्याचा. यात ज्वाला नसते. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन पोहोचेल तसतसे लालसर निखारे सरकत राहतात. तापमान बरेच कमी, साधारण ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान असते. ओला पेंढा, दाबून रचलेला ढीग, दव पडलेली सकाळ, मातीने माखलेली धसकटे या सर्व परिस्थितींत ज्वलन धुमसण्याकडे झुकते. हे अपूर्ण ज्वलन आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि डोळ्यांना झोंबणारी सेंद्रिय संयुगे यातून सर्वाधिक निघतात. उष्णतेच्या दृष्टीनेही हा तोट्याचा व्यवहार असतो : बारा ग्रॅम कर्बाचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते, तेच ज्वलन कार्बन मोनॉक्साइडवर थांबले तर सुमारे १११ किलोज्यूल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी.

तिसरी प्रक्रिया ज्वलनाच्या उंबरठ्यावरची : ऑक्सिजन जवळजवळ न देता पदार्थ तापवणे. याला औष्णिक अपघटन म्हणतात. कोळसा पाडणाऱ्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. वायू बाहेर पडून जळतात आणि कर्बाचा मोठा हिस्सा कोळशाच्या रूपाने मागे उरतो. शेतीत त्याला आपण बायोचार म्हणतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने शेतावर वापरता येईल अशी पिंपाची भट्टी यासाठी विकसित केली आहे.

चौथा प्रकार मंद ज्वलनाचा, म्हणजे कुजण्याचा. यात ज्वाला नाही, धूर नाही. परंतु रासायनिक हिशेब तोच आहे. कर्ब अधिक ऑक्सिजन, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता. फरक इतकाच की, प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा काही वाटा सजीव स्वतःच्या वाढीसाठी ठेवून घेतात आणि त्यांच्या शरीरांतून व उत्सर्जनातून जमिनीचा सेंद्रिय कर्ब घडतो. वाळवीच्या पोटात, शेणकिड्याच्या गोळीत, मधमाश्यांच्या पोळ्यात हेच चाललेले असते. मधमाश्या पिलाव्याचे तापमान ३४ ते ३६ अंशांवर राखतात, ते मधाच्या मंद ज्वलनावरच.

पाचवा प्रकार, उत्स्फूर्त ज्वलन, हा मंद ज्वलनातूनच उद्भवतो. ओलसर गवताची मोठी गंजी रचली की सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने आतली उष्णता वाढत जाते. ती बाहेर पडू शकली नाही तर तापमान ७० अंशांपर्यंत चढते. तेथून पुढे रासायनिक ऑक्सिडीकरण वेग घेते आणि कोणीही काडी न लावता गंजी पेटते. दगडी कोळसाही हवेच्या संपर्कात असाच आपोआप तापतो. झारखंडमधील झरिया कोळसा क्षेत्रातील आगीची पहिली नोंद १९१६ ची असून ती आग आजही भूगर्भात धुमसत आहे. पाचटाची वा पेंढ्याची मोठी साठवण करणाऱ्या प्रकल्पांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आग किडीपर्यंत पोहोचते का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कीड मारण्यासाठी जाळायचे, तर उष्णता किडीपर्यंत पोहोचली पाहिजे. बहुतेक कीटक ५० अंश सेल्सिअसच्या पुढे काही मिनिटांत मरतात. तेव्हा हजार अंशांची ज्वाला त्यांना सहज मारील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्वाला वर जाते, आणि माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. भाताचा पेंढा शेतात जाळला असता एक सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान साधारण ३४ ते ४२ अंशांपर्यंतच वाढल्याच्या नोंदी आहेत. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातील उघड्या जमिनीचा पृष्ठभाग भर दुपारी याहून अधिक तापतो.

भातावरील पिवळ्या खोडकिड्याची पूर्ण वाढलेली अळी कापणीनंतर धसकटाच्या बुडाशी, जमिनीच्या पातळीलगत सुप्तावस्थेत राहते. अनेक पतंगवर्गीय किडींचे कोष मातीत काही सेंटिमीटर खोल असतात. हुमणीच्या अळ्या त्याहून खाली. वरचा मोकळा पेंढा भडकून जातो, धसकटांचे शेंडे करपतात आणि बुडातली अळी बहुधा सुखरूप राहते. याउलट पृष्ठभागावर वावरणारे कोळी, भुंगेरे, मुंग्या आणि पानांना चिकटलेले परोपजीवी कीटकांचे कोष यांना पळण्यास जागा नसते. मातीत दडलेल्या किडीला अभय आणि उघड्यावर फिरणाऱ्या मित्रकीटकांना शिक्षा, असा हा न्याय होतो.

याच किडींसाठी खोल नांगरट, धसकटे गोळा करणे, उन्हात जमीन तापू देणे आणि बांधावर पक्ष्यांना थारा देणे या शिफारशीही आपल्याकडे आहेत. त्या अधिक परिणामकारक ठरतात, कारण त्या किडीला तिच्या आसऱ्यातून बाहेर काढतात.

ओली फळे जाळता येतात का?

फळमाशीच्या बाबतीत तर ‘जाळून नष्ट करावे’ ही सूचना अमलात आणणेच अशक्य आहे. पेरू किंवा आंब्याच्या गरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. एक किलो फळातील सुमारे ८०० ग्रॅम पाणी उकळून वाफ करण्यास साधारण दोन हजार किलोज्यूल उष्णता लागते. उरलेल्या २०० ग्रॅम कोरड्या भागाचे पूर्ण ज्वलन झाले, तरी जेमतेम तीन हजार किलोज्यूल मिळतील. धूर, वारा आणि जमीन यांत जाणारी उष्णता वजा केल्यास ज्वाला टिकण्याजोगे काहीच उरत नाही. फळांचा ढीग काही तास धुमसतो, बाहेरून काळा पडतो आणि आतल्या अळ्या उष्णतेची झळ लागताच बाहेर पडून मातीत शिरतात. फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी उड्या मारत दूर जाऊ शकते आणि कोषावस्थेसाठी तिला मातीतच जायचे असते. अशा आगीने तिच्या प्रवासाची केवळ घाई केली, असेच म्हणावे लागेल.

येथे फळे दीड ते दोन फूट खोल पुरून माती दाबणे, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून काही दिवस कडक उन्हात ठेवणे, हे उपाय साधे आणि खात्रीचे आहेत. वांग्याच्या पोखरलेल्या शेंड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. ते हिरवे असतात, म्हणून पेटत नाहीत.

मंद ज्वलनाची ताकद

कुजण्याला आपण दुबळी क्रिया समजतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ती तशी नाही. साधारण एक मीटर लांबी, रुंदी व उंचीचा, निम्म्याहून थोडी अधिक ओल असलेला, शेण वा हिरव्या पाल्यामुळे नत्राचा पुरवठा झालेला आणि हवा खेळती असलेला ढीग पहिल्या आठवड्यातच ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो व काही दिवस तसाच राहतो. उघड्या आगीखाली एक सेंटिमीटरवर मिळालेल्या ४२ अंशांशी याची तुलना करून पाहावी. ढिगाच्या मध्यभागी अळ्या, कोष व तणांचे बहुतांश बी टिकत नाही. कडेचा थर मात्र थंड राहतो. म्हणून ढीग दोनदा तरी पालटून बाहेरचा भाग आत घालणे आवश्यक असते. ही अट पाळली नाही तर कंपोस्ट खड्डा किडींचे आश्रयस्थान बनतो, हेही तितकेच खरे.

भाताच्या पेंढ्यात कर्ब व नत्राचे गुणोत्तर ८० च्या आसपास असते. सूक्ष्मजीवांना ते २५ ते ३० असलेले मानवते. नत्राची ही तूट भरून काढली नाही तर ढीग तापत नाही आणि कुजण्यास महिनोन्‌महिने लागतात. ‘आमच्याकडे काही कुजत नाही’ ही तक्रार बहुधा येथेच उगम पावते.

ऊस : पाचटाचा अनुभव

महाराष्ट्रातील ऊस हे या चर्चेतील सर्वांत बोलके उदाहरण आहे. तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात राहते. ते पेटवण्यामागे खोडव्याची फूट लवकर यावी, पाणी देणे सोपे व्हावे आणि कीड मरावी, ही तीन कारणे दिली जातात. यांपैकी तिसरे कारण तपासून पाहू. लागणीनंतर सरीत पाचटाचे आच्छादन केल्यास सुरुवातीच्या खोडकिड्याचा प्रादुर्भाव कमी होतो, ही फार जुनी व मान्य शिफारस आहे. पायरिला या पाकोळी किडीवर जगणारा एपिरिकॅनिया हा परोपजीवी पतंग आपले कोष उसाच्या पानांवरच करतो. पाचट पेटवले की किडीआधी तोच जळतो. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावरील लोकरी माव्याचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांनी तो आटोक्यात आणण्यास मोलाचे साहाय्य केले. ज्या प्लॉटांत पाला जाळला जात नाही, तेथे असे भक्षक टिकतात.

आच्छादनाचे काही तोटेही आहेत, ते लपवू नयेत. पाचटाखाली काही वेळा लष्करी अळी लपते, उंदीर वाढतात. यासाठी एक आड एक सरीत पाचट ठेवणे आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून मंद ज्वलनाचा वेग वाढवणे, असा मध्यममार्ग निघू शकतो.

कपाशी : जाळण्यापेक्षा साठवण घातक

गुलाबी बोंडअळीच्या संदर्भात पऱ्हाट्या नष्ट करण्याची निकड खरी आहे. सुप्तावस्थेतील अळ्या उरलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत दडलेल्या असतात. फरदड न घेणे, हंगाम डिसेंबरअखेर संपवणे आणि शेत पाच-सहा महिने कपाशीविना ठेवणे हा नियंत्रणाचा कणा आहे. २०१७ च्या खरिपातील नुकसानीनंतर हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही.

परंतु गावागावांत प्रत्यक्षात काय दिसते? पऱ्हाट्या उपटून बांधावर किंवा घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर चुलीत जळण म्हणून थोड्याथोड्या वापरल्या जातात. चुलीत गेलेल्या पऱ्हाटीतली अळी मरते, यात शंका नाही. मात्र ढिगात राहिलेल्या पऱ्हाट्यांतील बोंडांतून पावसाच्या आगमनासोबत पतंग बाहेर पडत राहतात. जाळण्याच्या सूचनेने हा ढीग रोखला जात नाही, उलट ‘शेवटी जाळणारच आहोत’ या समाधानात तो उभा राहतो. म्हणून शिफारशीत जाळण्याचा उल्लेख करण्यापेक्षा मुदत लिहिणे अधिक गरजेचे आहे : पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळाव्यात, किंवा उपटल्यावर लगेच कांडी-कोळशाच्या वा पेलेटच्या कारखान्याकडे पाठवाव्यात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या अशा वापरावर दीर्घकाळ काम केले आहे. ज्यांना हे दोन्ही शक्य नाही, त्यांच्यासाठी गावपातळीवर बायोचारची भट्टी हा योग्य पर्याय ठरतो. तिच्यात संपूर्ण पऱ्हाटी ४०० अंशांच्या पुढे तापते, अळी वाचण्याचा प्रश्न उरत नाही आणि कर्बाचा मोठा भाग जमिनीत परत जातो.

पंजाब-हरियाणाचा प्रश्न निराळा

पराली जाळण्याचा विषय निघाला की सारे लक्ष उत्तर भारताकडे जाते. तेथील शेतकरी कीड मारण्यासाठी पेटवत नाही. त्याला वेळ नसतो. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये पंजाबात भाताची पुनर्लागवड १० जूनपूर्वी करण्यास कायद्याने मनाई झाली. त्यामुळे कापणी पुढे सरकली आणि गव्हाच्या पेरणीआधी जेमतेम पंधरा-वीस दिवस उरले. मंद ज्वलनास लागणारा काळ तेथील वेळापत्रकात बसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये या भागात अवशेष जाळण्यास बंदी घातली. २०१८-१९ पासून केंद्राने यंत्रांसाठी अनुदान दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंडाची रक्कम दुप्पट होऊन पाच एकरांवरील शेतकऱ्यांसाठी ३०,००० रुपये झाली. या उपायांनी आगी घटल्या असतील, पण दंडाची भीती वेळेची टंचाई भरून काढू शकत नाही.

येथे आणखी एक रासायनिक बारकावा आहे. उपग्रह आगीची नोंद तिच्या उष्णतेवरून घेतात. भडकलेली ज्वाला त्यांना सहज दिसते, तर धुमसणारी आग तुलनेने थंड असल्याने निसटू शकते. मात्र दर किलो पेंढ्यामागे अधिक विषारी धूर याच धुमसणाऱ्या आगीतून निघतो. आगींची केवळ संख्या मोजून हवेचा हिशेब लागत नाही, तो यामुळे.

पेंढा शेतात ठेवून गव्हाची पेरणी करणारे हॅपी सीडरसारखे यंत्र हा चांगला पर्याय आहे. तरीही पेंढा ठेवून लवकर पेरलेल्या गव्हात काही ठिकाणी गुलाबी खोडकिडा आढळला, तेव्हा ‘जाळले असते तर बरे झाले असते’ असा सूर उमटला. या तक्रारीकडे कीटकशास्त्रज्ञांनी तुच्छतेने पाहू नये. प्रादुर्भाव असलेल्या शेतात पेरणी थोडी उशिरा करणे आणि पहिले पाणी दिवसा देऊन बाहेर पडणाऱ्या अळ्या पक्ष्यांना टिपू देणे, असे साधे उपाय त्यावर आहेत. पेंढा न जाळण्याचा सल्ला देणाऱ्यानेच हे उपाय सोबत द्यायला हवेत. अन्यथा शेतकरी पुन्हा आगपेटीकडे वळेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

शिफारस कशी लिहावी?

जाळण्याला सर्वत्र मनाई असावी, असा माझा आग्रह नाही. नव्याने प्रवेश केलेल्या किडीचा पहिला ठिपका, विलगीकरणात सापडलेले रोगग्रस्त रोप, वाळलेल्या फांद्यांतील खोडकिडीची वस्ती अशा ठिकाणी थोडा, कोरडा पदार्थ, मोकळी हवा मिळेल अशा पिंपात किंवा खड्ड्यात ज्वालेसह जाळणे हा योग्य व वेगवान मार्ग आहे. फक्त ते ज्वालेसह जळले पाहिजे, धुमसत राहता कामा नये. खुल्या शेतातील सरसकट आग मात्र कीड नियंत्रणाच्या नावाखाली यापुढे सुचवली जाऊ नये.

कोणत्याही शिफारशीत जाळण्याचा उल्लेख करण्यापूर्वी लिहिणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. कीड कोणत्या अवस्थेत आणि नेमकी कोठे आहे : पदार्थात, त्याच्या बुडाशी, की मातीत? पदार्थात ओल किती आहे. तो पेटेल की धुमसेल? त्याच जागी कोणते मित्रकीटक आहेत आणि त्यांचे काय होईल? हेच काम पुरून, बारीक करून, उन्हात तापवून, कंपोस्टच्या ढिगात किंवा भट्टीत अधिक खात्रीने होईल का? या कसोटीवर ‘जाळून नष्ट करावे’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी गळून पडेल आणि जेथे उरेल तेथे त्याला अर्थ असेल.

खरीप हंगामाच्या घडीपत्रिका दरवर्षी पुन्हा छापल्या जातात. बहुधा जुन्या मजकुरात जातीचे नाव आणि वर्ष तेवढे बदलते. येत्या छपाईपूर्वी कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि संशोधन संस्थांनी पिकवार हे एक वाक्य तपासावे, अशी माझी विनंती आहे. फळमाशीसाठी ‘दोन फूट खोल पुरावे’, बोंडअळीसाठी ‘जानेवारीअखेर पऱ्हाटीचा ढीग शेतात वा घरामागे ठेवू नये’, उसासाठी ‘पाचट सरीत ठेवून त्यावर संवर्धक टाकावे’, भातासाठी ‘बुडापासून कापणी करून धसकटे नांगरटीने उघडी पाडावीत’ अशा नेमक्या सूचनांना लागणारी जागा फार नाही. त्यासाठी नवे संशोधनही लागत नाही. आठवीत शिकलेले ज्वलनाचे प्रकार आणि किडीचे जीवनचक्र, ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली की पुरे. त्यानंतर मेळाव्यातल्या टेबलावर परस्परविरोधी दोन पत्रके ठेवण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.